सतत लागणारी भूक हा दोष आहे काय?

गेल्या सुगीच्या दिवसांत एका लहानशा खेड्यांत इंद्रियदमनाविषयीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग मला आला. खादाडपणा मनुष्याला कसा पशूच्या पंक्तीस नेऊन बसवितो, हें मीं मोठ्या आवेशानें सांगितलें. सभा उठल्यावर एक प्रौढ बाई मागें राहिली. कांहीं वर्षांपूर्वीं तिला मधुमेह जडला, आणि वजन उतरविण्याविषयीं डॉक्टरांनीं तिला बजाविलें. तेव्हां तिचें वजन ७८ किलो होतें. वर्षभराच्या नेमानें तें ६९ वर आलें, आणि रक्तांतील साखरही आटोक्यांत आली. सर्वांनीं तिची वाखाणणी केली. परंतु ती मला म्हणाली, "पाळकसाहेब, वजन उतरलें, पण भूक कांहीं उतरली नाहीं. जेवून ताट धुतें न धुतें तोंच पोटांत पुन्हा खड्डा पडतो. भाकरी थापतांना, शेतांत निंदतांना, प्रार्थनेला डोळे मिटले तरीसुद्धां खाण्याचाच विचार येतो. मी खात नाहीं. पण मन खातच असतें. मग आपण आज ज्याला पाप म्हणालां, तें माझ्या ठायीं आहे कीं नाहीं?"

"मन आवरा, बाई, म्हणजे झालें," एवढें उत्तर देऊन मी वाटेला लागलों. वाटेंत मात्र तें उत्तर मलाच बोचूं लागलें. जें ती वर्षभर करीतच होती, तेंच मीं तिला करावयास सांगितलें. आणि जें तिनें विचारिलें, त्याचें उत्तर दिलेंच नाहीं. पुढें मीं या विषयावर कांहीं वाचिलें, एका जाणत्या डॉक्टरांस विचारिलें, आणि स्वतःशीं विचार केला. त्यांतून जें निष्पन्न झालें तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम हें ध्यानांत धरिलें पाहिजे कीं, भूक आणि हांव या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. भूक आपण बोलाविल्यावांचून येते. हांव आपण पोसल्यावांचून वाढत नाहीं. सहाव्या शतकांत रोम शहरचा बिशप ग्रेगरी यानें खादाडपणाचे पांच प्रकार सांगितले: वेळेपूर्वीं खाणें, उंची पदार्थांचा सोस धरणें, चोखंदळपणा करणें, प्रमाणाबाहेर खाणें, आणि अधाशीपणें खाणें. या पांचांत भूक लागणें हा प्रकार कोठेंच नाहीं. शिवाय, कोंड्याची भाकरी खाणारा हावरट असूं शकेल व मेजवानीस बसलेला संयमी असूं शकेल, असेंही त्यावरून निघतें. दोष पोटाच्या हाकेंत नाहीं. त्या हाकेला आपण काय करितों, यांत तो असला तर असेल.

परंतु कोणी म्हणेल, "ज्याचें मन खंबीर, त्याला भूक इतकी छळीत नाहीं." हें म्हणणें खरें आहे काय, याची परीक्षा एकदां झालेली आहे. दुसरें महायुद्ध चालू असतां, १९४४ च्या नोव्हेंबरांत, अमेरिकेंतील मिनेसोटा विश्वविद्यालयांत ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग आरंभिला. युद्धानें उजाड झालेल्या देशांतील भुकेल्यांना पुन्हा कसें सांवरावें, हें त्याला शिकावयाचें होतें. हे तरुण कोण होते? मनुष्यहत्या करणें आपल्या विवेकास मान्य नाहीं म्हणून ज्यांनीं शस्त्र धरण्याचें नाकारिलें, असे ते होते. त्यांतील पुष्कळ जण ब्रदरन, क्वेकर व मेनोनाइट या शांततावादी मंडळ्यांतले होते. देशभर युद्धाचा जोर असतां लोकनिंदा सोसून जे आपल्या मताला चिकटून राहिले, त्यांस दुर्बळ मनाचे कोण म्हणेल?

१९४५ च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांस त्यांच्या नेहमींच्या आहाराच्या सुमारें अर्धाच आहार मिळाला: पाव, बटाटे, सलगम, मॅकरोनी. आठवड्यास सुमारें ३५ किलोमीटर चालणें सक्तीचें होतें. त्यांचें वजन सुमारें एकचतुर्थांश घटलें. परंतु वजनाहूनही मनाचा पालट विलक्षण होता. ते ताटें चाटूं लागले. दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरा विषय त्यांस सुचेना. कित्येकांनीं पाकशास्त्राचीं पुस्तकें जमविलीं. कोणी गुपचुप बाहेर जाऊन खाल्लें, आणि मग त्यांस प्रयोगांतून वगळावें लागलें. ज्या कार्यासाठीं ते स्वखुशीनें आले त्यावरील निष्ठा त्यांनीं टाकिली नव्हती; तरी भूक त्यांच्या विचारांवर स्वार झाली. आणि सर्वांत बोधप्रद गोष्ट ही कीं, प्रयोग संपून मुबलक अन्न मिळूं लागल्यावरही त्यांतील कित्येकांची भूक महिनोगणती शमेना; पोट तट्ट भरलें असतांही ते भुकेलेच राहत.

असें कां व्हावें? याचें एक कारण १९९४ सालीं उघडकीस आलें. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विश्वविद्यालयांत जेफ्री फ्रीडमन व त्याचे सहकारी यांनीं लेप्टिन नांवाचें द्रव्य शोधून काढिलें. अंगांतील चरबी हें द्रव्य रक्तांत सोडिते, आणि कणगींत धान्य किती शिल्लक आहे याची वर्दी जणूं मेंदूला देते. चरबी घटली कीं वर्दी घटते, आणि मेंदू समजतो कीं दुष्काळ पडला. तो भूक वाढवितो आणि शरीराचा खर्च कमी करितो. राखणीच्या कुत्र्याला काय ठाऊक कीं धन्यानें कणगी समजून उमजून रिती केली आहे? तो आपलें काम करितो, भुंकतो. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें कीं, दहा आठवडे अल्प आहार घेऊन वजन उतरविलेल्या मनुष्यांची भूक, व भूक चाळविणारीं द्रव्यें, वर्ष लोटल्यावरही पूर्वपदावर आलीं नव्हतीं.

आतां त्या बाईच्या प्रश्नाकडे पाहा. तिची भूक ही तिच्या पराभवाची खूण नसून बहुधा तिच्या यशाचीच खूण आहे. नऊ किलो वजन उतरलें नसतें, तर इतकी भूक लागली नसती. आणि मी तिला म्हणालों, मन आवरा!

याहूनही दारुण उदाहरण आहे. इंग्लंडांत दोन लहान मुलें तान्हेपणापासून अतोनात भुकेलीं व पुढें अतिशय लठ्ठ झालीं होतीं. त्यांच्या अंगांत लेप्टिन तयारच होत नव्हतें, असें १९९७ सालीं आढळलें. पुढें त्यांतील एका मुलीला तें द्रव्य रोज टोंचून देतांच तिची भूक ओसरली व वजन उतरूं लागलें. हा रोग अत्यंत दुर्मिळ आहे. पण आपण स्वतःस विचारूं या, तें मूल आपल्या गल्लींत असतें तर त्याला आपण काय नांव ठेविलें असतें? ज्या मुलाला हावरट म्हणून चापट बसली असती, त्याला वास्तविक औषध हवें होतें.

तर मग कोणावरच कांहीं जबाबदारी नाहीं काय? असें मुळींच नाहीं. कुत्रा भुंकला हा धन्याचा दोष नव्हे. परंतु दिवा घेऊन बाहेर पाहणें हें धन्याचें काम आहे. भूक आणि हात यांमध्यें जी थोडीशी जागा असते, तींतच आपलें स्वातंत्र्य आहे. ती जागा रुंद करण्याचे कांहीं साधे उपाय आहेत.

पहिला उपाय, पोट रिकामें ठेवूं नये, तर योग्य अन्नानें भरावें. अमेरिकेंत २०१९ सालीं वीस माणसांस दोन आठवडे कारखान्यांत तयार झालेलें खाणें व दोन आठवडे साधें घरगुती वळणाचें खाणें देऊन, हवें तितकें खावें असें सांगितलें. दोन्हीं ताटांत साखर, मीठ, स्निग्धांश सारखेच ठेविले होते. तरी कारखान्याच्या खाण्यावर असतां तीं माणसें रोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खाऊन गेलीं. म्हणून बिस्किटाचा पुडा व फरसाण घरांतच आणूं नये. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक, परवडेल तेव्हां अंडें, यांवर भर द्यावा, आणि सावकाश चावून खावें. दिवसांतून सहा वेळां गोड चहा पिणाऱ्यानें तो दोन वेळांवर आणावा. दुसरा उपाय, झोंप पुरी घ्यावी. २००४ सालच्या एका लहानशा परीक्षेंत, दोनच रात्रीं चार तास झोंपलेल्या बारा निरोगी तरुणांची भूक सुमारें पावपटीनें वाढलेली आढळली. तिसरा उपाय, वजनाचा हट्ट धरूं नये. आपल्या लोकांसाठीं डॉक्टर जी मर्यादा सांगतात, ती दीड मीटर उंचीच्या स्त्रीस सुमारें ५२ किलो येते. परंतु जो जड आहे, त्यानें शेंकडा पांच ते दहा इतकें वजन उतरविलें तरीही साखर व रक्तदाब यांस गुण येतो. उतरलेलें वजन टिकविणें हेंही मोठें काम आहे.

येथें दोन इशारे देणें अगत्याचें आहे. भूक वाढली असून वजन आपोआप उतरत असेल, तहान फार लागत असेल, तर उपास किंवा उपदेश यांच्या नादीं न लागतां दवाखान्यांत जावें. आणि मधुमेहाचें औषध घेणाऱ्यास एकाएकीं भूक लागून घाम सुटला, हात कांपूं लागले, तर ती साखर उतरल्याची खूण असूं शकते. त्या घटकेस तत्काळ साखर खावी. तेथें संयम करणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय. अलीकडे भूक कमी करणारीं इंजेक्शनेंही निघालीं आहेत, व २०२५ सालापासून तीं वजनासाठीं आपल्या देशांतही मिळूं लागलीं. तीं महाग आहेत, व डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेण्याजोगीं नाहींत. परंतु जो घेतो त्यानें आळसाची वाट धरिली, असें कोणी म्हणूं नये. चष्मा लावणाऱ्यास आपण डोळ्यांचा आळशी म्हणत नाहीं.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या गांवांत दोन प्रकारची भूक शेजारी शेजारी नांदत आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शेंकडा २४ स्त्रिया जादा वजनाच्या, व शेंकडा सुमारें १९ स्त्रिया खंगलेल्या आढळल्या. जिच्या घरीं डबाच रिकामा आहे, तिला संयमाचा पाठ सांगणें ही क्रूरता आहे. तिला भाकरी दिली पाहिजे. आणि नुसत्या देहाकडे पाहून निवाडा करणेंही धोक्याचें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकें मोजिलीं. २००३ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, हीं बालकें इंग्लंडांतील बालकांपेक्षां सुमारें ८०० ग्रॅमनीं हलकीं, अंगावर मांस थोडें, तरी चरबी मात्र त्या मानानें राखलेली. मातेची ओढाताण लेकराच्या देहांत अशी उतरते. बहात्तरच्या दुष्काळांत मिलो व सुकडी खाऊन ज्यांनीं दिवस काढिले, अशीं माणसें अजून आपणांमध्यें आहेत. ताटांत घास टाकतांना त्यांचा हात अडखळतो, याला हांव म्हणावयास माझी तर जीभ धजत नाहीं.

महिन्याभरानें मी पुन्हा त्या खेड्यांत गेलों, आणि त्या बाईची क्षमा मागितली. मी म्हणालों, "बाई, भूक लागणें हा तुमचा अपराध नाहीं; तो तुम्हांवर पडलेला भार आहे. अपराधाबद्दल पश्चात्ताप करावा लागतो. भार मात्र वाहावा लागतो, आणि तो वाहतांना दुसऱ्यांनीं हात द्यावा लागतो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भूक जाणार नाहीं, हें तर कळलें. पण निदान तिच्याबरोबर लाज तरी नको वाहायला." इतकें बोलून तिनें माझ्यापुढें चहा ठेविला, आणि स्वतःच्या कपांत साखर घातली नाहीं.

वाचकहो, हात देणें म्हणजे काय, तें आपल्या हातीं आहे. पाहुणचारांत "आणखी एक घ्याच" असा आग्रह करूं नका. नको म्हणणाऱ्याचें नको हें खरें माना. घरांत एकाचें पथ्य असेल तर सर्वांनीं तेंच साधें अन्न खावें. उरलेलें अन्न वायां जाईल म्हणून घरच्या बाईनें तें आपल्या पोटांत घालूं नये. जेथें खरी चणचण आहे त्या घरीं तें वेळेवर, ताजें असतांच, पोंचतें करावें. आणि कोणाच्या देहावरून त्याच्या शीलाचें माप काढूं नये. तें माप मीं एकदां चुकीचें काढिलें आहे, म्हणून हें लिहितों.