स्वाध्यायाचे तट

जबलपूरजवळ भेडाघाटी यात्रेकरूस नर्मदेची दोन रूपे दिसतात. धुवांधारपाशी तिचे पाणी कोसळून तुषार होऊन उडते. पुढे संगमरवरी खडकांच्या दोन भिंतींमध्ये तेच पाणी खोल व निःशब्द होते. गृहस्थाच्या चित्ताचेही असेच आहे.

सायंकाळी दिवा लावून गृहस्थ पोथी उघडतो. दोन श्लोक होतात न होतात तोच शेजारचा मोबाईल उजळतो. एक निरोप, मग एक चित्र, मग दुसरे. घटका सरते आणि पोथी तशीच उघडी राहते. घरातील मूल हे पाहते व तेच शिकते. खरी हानी ही आहे.

दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, भटकणाऱ्या इंद्रियांमागे गेलेले मन, वारा नावेला नेतो तसे बुद्धीला ओढून नेते. दोष त्या यंत्राचा नव्हे. त्याच्या मागे धावणाऱ्या मनाचा आहे. म्हणूनच सतराव्या अध्यायात स्वाध्यायाची गणना वाणीच्या तपात केली आहे. तप म्हटले की प्रारंभी कष्ट आलेच. वाचताना मन कंटाळले, म्हणजे वाचन निष्फळ झाले असे नव्हे. तप तेथूनच सुरू होते.

लोकमान्य टिळकांना मंडालेच्या तुरुंगात सुटे कागद मिळत नसत. मोजलेल्या पानांच्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल एवढेच साधन. त्यावर १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले व १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. कोणी म्हणेल, त्यांना तुरुंगाचा एकांत होता. आम्हांला संसार आहे. परंतु तो ग्रंथ हिंदीत आणणारे पंडित माधवराव सप्रे तुरुंगात बसून अनुवाद करीत नव्हते. जबलपूरहून १९२० साली निघालेल्या ‘कर्मवीर’ पत्राच्या उभारणीतही त्यांचा हात होता. लोककार्याच्या धकाधकीतही अनुवादकाला एकेका वाक्यापाशी थांबावेच लागते. असे थांबणे हाच स्वाध्याय.

मन आवरत नाही, ही तक्रार अर्जुनानेही केली होती. भगवंतांनी ती खोटी ठरविली नाही. अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. हेच चित्ताचे दोन तट होत. गृहस्थाने नित्य एक वेळ व एक जागा ठरवावी, हा अभ्यास. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, हे वैराग्य. एकच श्लोक अर्थासह मोठ्याने वाचावा, मुलांना जवळ बसवावे. मन पळाले तर स्वतःवर न रागावता त्याला पुन्हा त्याच ओळीवर आणावे. शंभरदा पळाले तर शंभरदा आणावे. त्या प्रत्येक आणण्याने तट दृढ होतो, आणि प्रवाहाला खोली येते.