तिला विचारलं होतं का?

डॉक्टरांनी भूल दिलेल्या मांजरीच्या पोटावरून बोटं फिरवली, जरा थांबले आणि म्हणाले, “गाभण आहे. पाचेक आठवडे झाले असावेत. चार पिल्लं तरी हाताला लागतायत. काय करायचं?”

पर्याय दोनच होते. तिला तशीच परत नेऊन सोडायची आणि महिन्याभरात ती व्याली की पुढचं पुढे बघायचं. किंवा ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रिया करायची. त्यात गर्भाशय आणि अंडाशय काढतात, म्हणजे आतली पिल्लंही जातात. बाहेर एक जर्मन शेफर्ड आणि दोन शेळ्या ताटकळत होत्या. मी मिनिटभर घेतला आणि म्हणालो, “करा.”

ही मे २०२३ मधली अकोल्याची गोष्ट. संध्याकाळी घरी आजीला सांगितलं. वाती वळता वळता तिनं मान वर न करता विचारलं, “तिले इचारलं होतं का रे बापू?”

मी हसलो. मांजरीला काय विचारणार? पण रात्री पडल्या पडल्या तो प्रश्न पुन्हा आला, आणि तेव्हा हसू आलं नाही. अजूनही येत नाही.

आधी मागचं सांगतो. २०१५ ते २०१९ मी अमरावतीला इंजिनियरिंगला होतो. हॉस्टेलच्या मेसमागे एक पिवळा बोका असायचा. रात्रीच्या ताटातलं उरलंसुरलं आम्ही त्याला घालायचो. सबमिशनच्या दिवसांत तो आमच्या खोलीत जर्नलांवर झोपायचा. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात मेस बंद झाली आणि सगळे आपापल्या गावी गेलो. जूनअखेर परतलो तर बोका नव्हता. ‘गेला असंल कुठं’ म्हणून आम्ही विषय संपवला. रोज रात्री नऊच्या ताटाची सवय आम्हीच त्याला लावली होती, आणि भर उन्हाळ्यात सहा आठवडे ते ताट आलं नव्हतं. या दोन गोष्टी मी तेव्हा एकमेकींना जोडल्या नाहीत.

मार्च २०२० मध्ये पुण्याहून अकोल्याला आलो तो घरूनच काम करत राहिलो. आमच्या जिन्याखाली एक मांजर यायची. काळी, पांढरी, भगवी अशी ठिगळं लावल्यासारखी. अशी तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच असते, हे नंतर कळलं. आजीनं तिचं नाव ‘चिंधी’ ठेवलं. मी तिला दूध-पोळी घालू लागलो. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, हेही नंतरच कळलं. मग कोंबडीच्या दुकानातून पोटा-कलेजी आणू लागलो.

मांजर सहाएक महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पोटभर खाणारी मादी वर्षात दोन-तीनदाही विते. चिंधीच्या पहिल्या वेतातली तीन पिल्लं एकेक करून दिसेनाशी झाली. त्यातलं एक गाडीखाली गेलेलं मी स्वतः उचललं. २०२२ च्या पावसाळ्यात चार झाली. दोन महिन्यांची असताना एक पिल्लू पाण्याच्या वाटीपाशी मान खाली घालून बसलं. पाण्याला तोंडही लावत नव्हतं, नुसतं बसलेलं. मग उलट्या, मग जुलाब. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो. त्यावर लस आहे, पण ती आधी द्यावी लागते. कातडीखाली सलाइन द्यायला मी त्या आठवड्यात शिकलो. चार दिवसांत चारही गेली. शेवटचं टॉवेलमध्ये, माझ्या मांडीवर, पहाटे तीनच्या सुमारास.

मागच्या कडुनिंबाखाली खड्डा खणताना माझ्या तोंडात एकच वाक्य होतं: ‘मी तर फक्त खायला घातलं.’

या वाक्यातला ‘फक्त’ खोटा आहे. खायला घालणं ही आपल्याला इतकी निरपराध गोष्ट वाटते की तिला परिणाम असतात हे सुचतच नाही. पण मी घातलेल्या खाण्यावर चिंधी टिकली, माजावर आली, व्याली. पिल्लांना मी मारलं नाही. ती माझ्या जिन्याखाली जन्मून मरतील अशी परिस्थिती मात्र मी, मोठ्या प्रेमानं, वाटी-वाटीनं तयार केली.

तत्त्वज्ञ क्लेअर पामर यांनी २०१० साली आलेल्या ‘अ‍ॅनिमल एथिक्स इन कॉन्टेक्स्ट’ या पुस्तकात हे नीट मांडलं आहे. थोडक्यात असं: रानातल्या प्राण्याला मदत करायला आपण एरवी बांधलेले नसतो, पण माणसानं ज्याला स्वतःवर अवलंबून केलं त्याचं तसं नाही. त्याची असहायता आपण घडवलेली असते, म्हणून ती आपल्या खात्यावर पडते. मांजर या दोन्हींच्या मधली. माणसाच्या वस्तीला लागून तिला हजारो वर्षं झाली, तरी ती पूर्ण आपली झाली नाही. चिंधी पाळीव नव्हती, मला हात लावू देत नव्हती. पण माझ्या स्कूटीचा आवाज तिला ओळखू येत होता. एवढं अवलंबून राहणं मी घडवलेलं होतं.

म्हणजे डॉक्टरांच्या टेबलापाशी माझ्यापुढे ‘ढवळाढवळ करू की नको’ असा प्रश्न नव्हताच. ढवळाढवळ तीन वर्षांपासून चालू होती. तिला तशीच परत सोडणं हाही माझाच निर्णय झाला असता, फक्त त्याचे परिणाम जिन्याखाली, माझ्या नजरेआड घडले असते. इथपर्यंत माझा हिशेब पक्का होता.

आजीनं तो दुसऱ्या दिवशी मोडला. “तुह्या आबाले बी कोनी इचारलं नव्हतं,” ती म्हणाली.

१९७६ साल. आजोबांची नोकरी सरकारी, पदरी तीन लेकरं. ऑपरेशन करा नाही तर पगार अडवू, असं सांगितलं गेलं. गावात गाडी आली की माणसं तुरीच्या वावरात लपत, असं आजी सांगते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. माझे आजोबा त्या ऑपरेशनबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आणि मी घरी येऊन उत्साहानं ‘नसबंदी झाली’ असं सांगितलं होतं. शब्दही तोच.

मी म्हटलं, आजी, माणसाला विचारता येत होतं, तरी विचारलं नाही, तो अन्याय. मांजरीला विचारताच येत नाही. आणि हे तिच्या भल्यासाठीच आहे. आजी म्हणाली, “तवाचे सायब बी हेच म्हनत.”

तिच्या भल्यासाठी, हे पूर्ण खोटं नाही. वर्षात तीनदा वेत, पिल्लांना पाजून झडलेलं अंग, गर्भाशयात पू होण्याचा आजार, बोक्यांची झोंबाझोंबी, हे सगळं शस्त्रक्रियेनं टळतं. पण कॉलनीत लोकांची समजूत काढताना मी हे बोललो नव्हतो. तिथे मी म्हणालो होतो, “मांजरी वाढणार नाहीत, तुम्हाला त्रास होणार नाही.” म्हणजे मी संख्येची भाषा बोललो होतो. संख्या आटोक्यात आणायची म्हटलं की समोरचा जीव दिसेनासा होतो. आणीबाणीत ज्यांनी गाड्या पाठवल्या तेही दुष्टपणाची भाषा बोलत नव्हते. ते आकडे बोलत होते, उद्दिष्टं बोलत होते.

विचारता येत नाही म्हणजे परवानगी आहे, असं होत नाही. आमच्या धंद्यात संमती म्हणजे ‘आय अ‍ॅग्री’समोरची चौकट. कोणी वाचत नाही, सगळे टिकमार्क करतात, आणि तेवढ्यावर आमचं काम भागतं. चिंधीपुढे अशी चौकटही नव्हती. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्या वतीनं ठरवताना निदान स्वतःला तरी विचारायला हवं: यातून शेजाऱ्यांना, मला, कोणालाच काही मिळणार नसतं, तरी केवळ तिच्यासाठी मी हे केलं असतं का? चिंधीच्या बाबतीत मी ‘हो’ म्हणू शकतो. तिच्या पोटातल्या चौघांच्या बाबतीत नाही. त्यांच्या भल्यासाठी केलं असं मला म्हणता येणार नाही. आधीची चार मेली म्हणून हीही मेली असती, हे मला ठाऊक नव्हतं. एखादं जगलंही असतं.

अकोल्याहून अमरावतीला रेल्वेनं जाताना मध्ये मूर्तिजापूर लागतं. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढले आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळच गेले. देवापुढे बकरं-कोंबडं कापण्याविरुद्ध ते जन्मभर कीर्तनांतून बोलले. त्यांचा दहा कलमांचा संदेश आमच्याकडे शाळांच्या भिंतींवर असतो. लहानपणापासून वाचलेला, म्हणून कधीच न वाचलेला. त्यात माणसांसाठी अन्न, पाणी, वस्त्र, शिक्षण, निवारा असं एकेक सांगितलं आहे. मुक्या प्राण्यांसाठी एकच गोष्ट मागितली आहे: अभय.

अन्न देणं त्या मानानं सोपं. ते मी रोज देत होतो आणि देताना मलाही बरं वाटत होतं. अभय कसं द्यायचं? त्या सकाळी पिंजऱ्याचं दार खाली पडलं तेव्हा चिंधी जाळीवर इतकी आपटली की तिच्या नाकातून रक्त आलं. टॉवेल टाकून अंधार केला तेव्हा कुठे ती थांबली. ज्या हातानं वाटी ठेवली जात होती त्याच हातानं पिंजरा ठेवला होता, आत पोटा-कलेजी घालून. तिला पुढच्या भयातून सोडवायला मी तिला आयुष्यातलं कदाचित सर्वांत मोठं भय दिलं. शिवाय तिच्या वाटीतलं मांस कुठल्यातरी कोंबडीचं होतं, आणि पोट भरलेलं असतानाही ती अंगणातल्या खारींवर झेप घालायची ती घालायचीच. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की तिथली मांजरं वर्षाला निदान १३० कोटी पक्षी मारतात, त्यातले बहुतेक बेवारशी मांजरांकडून. अभय एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. वेतं थांबवण्याच्या बाजूनं हाही एक मुद्दा आहे, पण कोंबडीला तो सांगून उपयोग नाही.

अमरावती जिल्ह्यातल्याच रिद्धपूरशी नातं असलेला ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. त्यातली सशाची गोष्ट बऱ्याच जणांनी शाळेत वाचली असेल. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो. शिकारी तो मागतात. स्वामी देत नाहीत, त्यांची समजूत घालतात, ते निघून जातात. लहानपणी माझ्यासाठी गोष्ट इथे संपायची. खरं तर पुढे आणखी एक गोष्ट घडते: स्वामी मांडी उचलतात आणि सशाला ‘आता जा’ म्हणतात. वाचवला म्हणून ठेवून घेत नाहीत. त्यानं कृतज्ञ राहावं, मठात राहावं, अशी अपेक्षा नाही.

माझ्याकडून यातलं एवढंच जमलं. टाके सुकेपर्यंत पाच दिवस चिंधीला खोलीत ठेवलं, मग होती त्याच जिन्याखाली दार उघडलं. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून तिच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलं आहे. ती मागे न पाहता भिंतीवरून गेली. सहा दिवस आली नाही. सातव्या दिवशी आली, वाटी पूर्वीच्या जागेपासून चार हात लांब सरकवल्यावरच खाल्लं. ते चार हात आजही कायम आहेत. तिनं मला माफ केलं असं मी मानत नाही, माफी हा तिच्या जगातला शब्दच नसावा. पण ते अंतर ठेवायचा तिला अधिकार आहे, आणि ते कमी करायचा प्रयत्न मी करत नाही.

माझा निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. आमच्या कामात काही बिघडलं तर आधीची आवृत्ती परत आणता येते, म्हणून आम्ही बेधडक बदल करतो. इथे परत आणण्यासारखं काही नव्हतं. हिशेब बरोबर आला म्हणजे बाकी शून्य राहतेच असं नाही, हे मला इंजिनियरिंगनं नाही, एका मांजरीनं शिकवलं. जिला न विचारता मी इतकं मोठं काही केलं, तिचं मी देणं लागतो, आणि ते तिला एकदा जेवू घालून फिटणारं नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसची मेल आली. पुढच्या तिमाहीपासून आठवड्यातले तीन दिवस पुण्याला हजर राहायचं. मला तो मेसमागचा पिवळा बोका आठवला. शेजारच्या काकूंशी बोललो, त्यांचा मुलगा सकाळची वाटी ठेवेल. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावला. लस कधी द्यायची ती तारीख कॅलेंडरवर लिहिली. आजी हे सगळं खाटेवरून पाहत होती.

“तिले इचारलं नव्हतं, आजी,” मी म्हणालो. दोन वर्षांनी उत्तर दिलं.

“ठाऊक हाय,” ती म्हणाली. “म्हनून तं तिले जलमभर सांभाळा लागन. रातची वाटी मी ठेवतो. पिशवी कुठी हाय तेवढं सांगून ठेव.”