रुक्मिणीच्या गावातली घाई

कौंडण्यपूरच्या घाटावर एका बुवांनी मला विचारलं होतं, "काहो भाऊ, ज्या गावातून रखुमाईची पालखी पायी पायी पंढरीले जाते, त्या गावात तुमाले एवढी घाई कायची?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वर्धा नदीत चार मिनिटं माझी नाव पळवून मी नुकताच काठाला लागलो होतो, कान अजून गुणगुणत होते. उत्तर सुचलं नाही, म्हणून नुसता नमस्कार केला. त्याला तीन वर्षं झाली. प्रश्न मात्र गेला नाही.

नाव म्हणजे काय, ते आधी सांगतो. साडेदहा फूट लांबीची, मरीन प्लायवूडची, एकाच माणसाची शर्यतीची होडी. मागच्या फळीला शिकंज्यांनी आवळलेलं दोन सिलिंडरचं जुनं मर्क्युरी इंजिन, माझ्याच वयाचं. मुंबईत माझगावला फिटर होतो, तेव्हा ते भंगारात निघालं आणि मी किलोच्या भावानं घेतलं. आऊटबोर्ड इंजिन म्हणजे होडीच्या पोटात न बसवता पाठीवर टांगायचं इंजिन. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं 1909 साली अमेरिकेत मिलवॉकीला ते विकायला काढलं. पुढे तिथल्या तळ्यांवर याच इंजिनांच्या शर्यती लागल्या. माझं इंजिन त्यांच्या बी वर्गातलं, म्हणजे वीस घन इंचाचं, आपल्या हिशोबात सुमारे 330 सीसी. तिकडचे खरे शर्यतवाले मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून इंजिन चालवत, कारण साधं खनिज ऑइल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही. आमच्या धुऱ्यावरच्या एरंडीचं तेल मिलवॉकीच्या तळ्यावर जळत होतं, हे कळलं तेव्हा मला फार आपलं आपलं वाटलं.

या नावेत बसत नाहीत, गुडघे टेकतात. उजवा हात सुकाणूच्या चाकावर, डाव्या हातात दाबायची मूठ. मूठ दाबली की इंजिन चढतं, सोडली की आतली स्प्रिंग ते लगेच उतरवते. माणूस पाण्यात फेकला गेला तर नाव एकटी पळत सुटू नये, म्हणून ही सोय. वेग हवा असेल तोवर हाताला कळ सोसावी लागते.

सुरुवातीला नाव पाणी फाडत जाते. नाक आभाळाकडे, शेपूट बुडालेली, समोरचं काही दिसत नाही. आपण छातीनं पुढे रेलायचं. मग एका क्षणी खालचं पाणीच तिला उचलून धरतं. नाक खाली येतं, खळखळ थांबते आणि तळाशी टप टप टप सुरू होतं, वाळत घातलेल्या पापडावर बोट वाजवावं तसं. हा क्षण यावा म्हणून वर्षभर मॅग्नेटोची कॉइल सुकवायची, पॉइंट घासायचे, रिंगा बसवायच्या, दोरीची गाठ फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवून खांदा दुखेस्तोवर ओढायची. पावसाळ्यात नावेला हातही लावत नाही. वर सिंभोऱ्याला धरणाची दारं उघडली की ही नदी ओळखू येत नाही.

बाबा शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे शौकीन. तळेगाव दशासरच्या पटात त्यांची जोडी धावायची. वर्षभर चारा-सरकी, मालीश, आणि पटावर काही सेकंद. त्या सेकंदांसाठी त्यांनी आईच्या शिव्या खाल्ल्या. मला तो खेळ जमला नाही, कारण बैलाच्या डोळ्यांत मला भीती दिसायची. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये शर्यती बंद केल्या आणि 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली. गावात दोन्ही वेळा भांडणं झाली. मी लोखंड निवडलं. लोखंडाला तुतारीची टोचणी लागत नाही.

आता बुवांच्या प्रश्नाकडे येतो. कौंडण्यपूर ही रुक्मिणीच्या माहेरची, विदर्भाच्या राजधानीची जागा. तिथली पालखी चारशे वर्षांहून जुनी, आणि ती चालतच जाते. पण भागवतात काय आहे? रुक्मिणीचं पत्र पोचलं आणि कृष्ण त्याच रात्री रथात बसला. एका रात्रीत तो इथे आला. भागवतकारानं घोड्यांची नावंसुद्धा सांगितली आहेत: शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. सारथी दारुक. एवढ्या मोठ्या कथेत घोड्यांची नावं लिहून ठेवणारा माणूस मला आपला वाटतो. त्यालाही माहीत होतं की त्या रात्री सगळं त्या चार घोड्यांवर होतं. अंबिकेच्या देवळातून निघालेल्या रुक्मिणीला कृष्णानं रथात घेतलं, रुक्मी मागे धावला, हरला, कृष्णानं तलवार उपसली. तेव्हा रुक्मिणीनं पाय धरले आणि तो हात थांबला. संत एकनाथांनी 1571 साली काशीत बसून हीच कथा लिहिली आणि तिला जीव-शिवाचं लग्न केलं.

हाच देव पुढे, रुसलेल्या रुक्मिणीला शोधत पंढरपुराकडे गेला आणि पुंडलिकानं फेकलेल्या विटेवर उभा राहिला. तिथून हलला नाही. इथे रात्रीत धावून आलेला आणि तिथे युगानुयुगे थांबलेला एकच आहे. म्हणून वेग म्हणजे अधर्म, असं मला कोणी सांगितलं तर पटत नाही.

पण इथे मला स्वतःला सूट द्यायची नाही. कृष्णाला कोणीतरी बोलावलं होतं. माझ्या नावेला कोणी बोलावलेलं नाही. त्या चार मिनिटांत मी स्वतःला विसरतो हे खरं. पण दारू प्यालेलाही विसरतो. गीता सांगते की विषयाचं चिंतन करता करता संग जडतो. मला तो जडला आहे. रात्री झोपेतही मी रिंगा बसवतो.

मग मी वारीचा विचार करतो. दोनदा पालखीबरोबर गेलो. महिनाभर चालून पायांना फोड, आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळतो तो श्वासभर. मागून हात येतो, "चला माउली, पुढं चला." बाहेर आल्यावर 'एवढ्यासाठी एवढं?' असं म्हणणारा मला एकही वारकरी भेटला नाही. हात सोडायचा आहे हे ठाऊक असूनच प्रत्येक जण तिथे डोकं ठेवतो. माझी नाव वारीच्या बरोबरीची आहे असं मी म्हणणार नाही. पण वर्षभराचा धीर आणि क्षणाचं वेड यांचं नातं मला त्या रांगेत कळलं.

14 सप्टेंबर 2021 ला याच नदीत, वर वरुड तालुक्यात झुंजला नाव उलटली आणि 11 जण गेले. एकाच कुटुंबातली, नात्यातली माणसं. दशक्रियेसाठी आली होती. त्या वर्षी मी नाव पाण्यात घातली नाही. इंजिन तयार होतं, दिवाळीनंतर पाणी काचेसारखं होतं, हात शिवशिवत होते. मूठ न दाबण्याची तेवढी एक खरी परीक्षा मी दिली.

बुवा यंदा, कौंडण्यपूरला कार्तिकात होणाऱ्या दहीहंडीच्या दिवशी पुन्हा भेटले. मी त्यांना घोड्यांची चार नावं सांगितली. त्यांनी ती दोनदा म्हणवून घेतली आणि म्हणाले, "ज्येष्ठात पालखीसंगं चालसान का?" मी हो म्हणालो आहे. नाव गोठ्यात उलटी टांगली आहे, इंजिनवर गोणपाट आहे, आणि टाकीतलं पेट्रोल मी काढून ठेवलं आहे.