आधी पाणी बघ

हात खिशातून बाहेर काढ आणि टेबलाच्या या बाजूला ये. चार महिने तू सांगत होतास, सर, रेल्वेच्या मॉडेलला गोदी जोडतोय. आज बघितली. आठ बाय चारचं अख्खं प्लायवूड खर्ची घातलंस, दोन बाटल्या रेझिन ओतलंस आणि पुढे पाटी ठोकलीस, ‘अलेक्झांड्रा डॉक, मुंबई, 1930’. ही पाटी आधी काढ. मुंबईचं नाव लावण्याइतकं काम तू अजून केलेलं नाहीस.

प्रमाण कोणतं धरलंस? एचओ, म्हणजे 1:87. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. मग 1914 साली उघडलेल्या या गोदीची, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकची, मापं शोधलीस का? तिच्या तोंडाचं लॉकच सुमारे 228 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद आहे. 87ने भागून बघ. 2 मीटर 62 सेंटिमीटर येतात. तुझं टेबल 2 मीटर 44 सेंटिमीटरचं. एकटं लॉक टेबलाबाहेर जातं, आणि तू लॉक, चार शेड, तीन जहाजं आणि यार्ड एवढं सगळं त्यात कोंबलंस. तुझं मालवाहू जहाज 30 सेंटिमीटरचं आहे. खऱ्या मापात ते 26 मीटर भरतं, म्हणजे मोठा मचवा झाला. विलायतेहून माल घेऊन येणारी बोट नव्हे. एक बर्थ घ्यायचा होतास, एक शेड, एक यारी, आणि जहाजाची फक्त धक्क्याला लागलेली बाजू. तेवढंच नीट केलं असतंस तर आज मी काही बोललो नसतो.

पण मापं ही लहान चूक आहे. मोठी चूक पाण्याची आहे.

गोदी कशासाठी बांधतात, हा प्रश्न चार महिन्यांत तुला एकदाही पडला नाही. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यात चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, आणि तो साधारण सव्वासहा तासांत. उघड्या धक्क्याला लागलेली बोट तेवढ्या वेळात दीड मजला खाली उतरते. दोर ताणतात, फळ्या सरकतात, पाणी उथळ असेल तर तळ चिखलात टेकतो. माल चढवायचा-उतरवायचा तर बोट एका पातळीवर राहायला हवी. म्हणून दरवाजे लावून पाणी आत कोंडायचं. प्रिन्सेस डॉक 1880चा, व्हिक्टोरिया 1888चा. त्या दोन्हींत बोट भरतीच्या सुमारालाच आत घेता येई. अलेक्झांड्राला लॉक दिलं, म्हणजे दोन दरवाज्यांमधली खोली. तिच्यातलं पाणी वरखाली करून बोट आतबाहेर न्यायची, म्हणजे प्रत्येक वेळी भरतीची वाट बघत बसावं लागत नाही. दरवाजा, भिंत, यारी, शेड, सगळं या एका गोष्टीवरून ठरलेलं आहे.

आणि तू काय केलंस? गोदीच्या आतल्या भिंतीवर पाच सेंटिमीटर रुंद हिरवा पट्टा रंगवलास. समुद्राकडची भिंत कोरी करकरीत ठेवलीस. पाच सेंटिमीटर हे माप बरोबर आहे, साडेचार मीटरला 87ने भागलं की तेवढेच येतात. म्हणजे कुठून तरी आकडा उचललास आणि तो कशाचा हे न कळता चुकीच्या भिंतीला लावलास. ज्या भिंतीमागे पाणी कोंडलेलं आहे तिथे ते रोज दोन वेळा चढत-उतरत नाही. तिथे फार तर पाण्याच्या रेषेशी बारीकशी काळपट कड येईल. रुंद पट्टा बाहेर हवा. आणि तो सपाट हिरवा रंग नसतो. वर कोरडा दगड, मग ओलसर काळी रेघ, मग कालवांचा पांढुरका खरबरीत थर, त्याखाली शेवाळ, त्याखाली चिखल. उधाणाचं पाणी कुठवर चढतं आणि अष्टमीच्या भांगाला कुठवर येऊन थांबतं, हे त्या थरांवर वाचता येतं. कोळ्याचं पोरही ते वाचतं. तू मुंबईत जन्मलास, वाढलास, आणि तुला ते वाचता आलं नाही. याची तुला लाज वाटली पाहिजे.

पाण्याचा रंग निळा कुणी सांगितला? आपल्या बंदराचं पाणी मातकट, हिरवट-खाकी असतं. कोंडलेल्या गोदीत त्यावर तेलाचा तवंग. तळ आधी रंगव, गडद, कडेला थोडा फिका. मग रेझिन पातळ थरांनी ओत, एक थर पुरता बसल्यावर दुसरा. तू एकदम जाड ओतलंस, ते तापलं, म्हणून शेडच्या बाजूला तडा गेलाय.

हा कोपऱ्यातला लाकडी खांबांचा धक्का परदेशी किटमधला आहे, बरोबर? अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमध्ये, डग्लस फरची सरळसोट झाडं मुबलक, म्हणून तिथे असे धक्के झाले. तिथे ते शोभतात. इथे गोदीची भिंत दगडी आहे. चिऱ्यांचे सांधे कोरायला वेळ लागतो, म्हणून तू किट चिकटवलंस.

रुळांकडे बघ. धक्क्यावर खडी टाकलीस. तिथून हातगाड्या जातात, लॉऱ्या जातात, पाठीवर गोणी घेतलेली माणसं चालतात. रूळ फरसबंदीत बुडवलेले असतात, चाकाच्या कडेपुरती खाच सोडून. पोर्ट ट्रस्टची रेल्वे 1915 साली सुरू झाली ती गोद्यांतला माल डब्यांतून थेट मुख्य मार्गांवर नेण्यासाठी. ती तशीच दिसली पाहिजे. आणि 1930च्या पाटीशेजारी कंटेनर? ज्या कंटेनर वाहतुकीने बंदरांचं रूप बदललं तिची पहिली बोट 1956 साली अमेरिकेत सुटली. आजच काढ ते.

कठडा काडेपेटीच्या काड्यांचा केलास. दोन मिलिमीटरची काडी म्हणजे खऱ्यात 17 सेंटिमीटर जाडीचा वासा. दोर बांधायचे खुंटे चकचकीत काळे रंगवलेस. त्यांचा गळा दोर घासून उघडा पडतो, आणि तुझ्या एकाही खुंट्याला दोर नाही. तुझी जहाजं कशाच्या आधारावर उभी आहेत?

तू म्हणालास, ‘दुरून कोण बघतंय सर?’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. बघणारा नसला तरी करणारा असतो. तो तू आहेस.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी विसरणार नाही. काल तू विचारलंस, कापूस आणि लाल एलईडी लावून 1944च्या स्फोटाचा इफेक्ट देऊ का. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट फुटली. एकाच बोटीत कापूस आणि दारूगोळा भरलेला होता. आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान गेले, गोदीतले कामगार आणि आसपासची माणसं शेकड्यांनी गेली. तुझ्या टेबलावर माणूस एकच, तोही किटमधला टोपीवाला साहेब. ज्या गोदीत तू एक हमाल उभा केला नाहीस, तिथे माणसं मेल्याचा देखावा लावायला निघालास. आधी काम करणारी माणसं कर. 5 फूट 6 इंचांचा माणूस 19 मिलिमीटरचा होतो. तार घे, एम-सील घे, वाकलेली पाठ आधी बनव आणि मग तिच्यावर गोणी ठेव.

आता शेडचं छप्पर. ते हातात घे. पत्र्याच्या पन्हळी तू आट्यांच्या सळईवर फॉइल दाबून काढल्यास. तीन इंचांची पन्हळ 87ने भागली की पाऊण मिलिमीटरहून थोडी मोठी येते, आणि ती तू बरोबर साधलीस. गंज फक्त खिळ्यांच्या ओळींशी आणि सांध्यांशी लावलास. तिथे तू शिडीवर चढून खरा पत्रा बघितला होतास, मला माहीत आहे. हे छप्पर मी ठेवून घेतोय. बाकीचं उचकट. रागावून हे बोलत नाही. ज्याला हे छप्पर जमतं त्याने हा धक्का करावा, हे मला सहन होत नाही.

गोदीत आपल्याला आत सोडणार नाहीत, म्हणून भाऊच्या धक्क्यावर जाऊ. येत्या रविवारची ओहोटी किती वाजता आहे ते तूच शोध आणि मला संध्याकाळपर्यंत कळव. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी आण. फोन घरी ठेव. ओहोटी लागायच्या तासभर आधी मी पायऱ्यांपाशी उभा असेन.