बालनटाच्या श्रमावर स्वत्व कोणाचे?

मुलाने केलेल्या कामाचे फळ कोणाचे, हा प्रश्न वरवर पाहता मालमत्तेच्या कायद्याचा वाटतो. परंतु १९३८ साली जॅकी कूगन या माजी बालनटाने आई आणि सावत्र वडील यांच्याविरुद्ध कॅलिफोर्नियात आपल्या कमाईसाठी दावा लावला, तेव्हा माणूस स्वतःचा धनी केव्हापासून होतो, हा त्यामागचा तात्त्विक प्रश्नही उघडा झाला. १९१४ साली जन्मलेला कूगन चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ (१९२१) या चित्रपटातील टाकून दिलेल्या मुलाच्या भूमिकेने जगभर पोहोचला, आणि बालवयातील त्याची कमाई तीस ते चाळीस लाख डॉलर असावी असा अंदाज केला जातो. १९३५ साली वडील मोटार अपघातात गेले, त्याच वर्षी तो एकवीस वर्षांचा, म्हणजे कायद्याने सज्ञान झाला. पुढे दाव्याच्या अखेरीस त्याच्या हाती सुमारे १ लाख २६ हजार डॉलरच पडले.

अज्ञान मुलाची कमाई आईवडिलांचीच असते आणि कॅमेऱ्यासमोरचे वावरणे हा त्याच्या लेखी खेळच होता, अशी आईची दुहेरी भूमिका होती. यातील पहिला विचार फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र आणि दास यांना निर्धन म्हटले असून, त्यांनी मिळवलेले धन ते ज्याच्या सत्तेखाली असतात त्याचे मानले आहे. मात्र या वचनाने त्यांचे स्वत्व, म्हणजे मालकी, नाहीशी होत नाही, तर केवळ स्वातंत्र्य, म्हणजे ते धन मर्जीने खर्चण्याची मोकळीक, मर्यादित होते, असा अर्थ लावणारे भाष्यकारही झाले. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने तर प्रत्येक मनुष्य आपल्या देहाचा व श्रमाचा धनी आहे असे मांडले, आणि पालकांची सत्ता ही मुलाची बुद्धी परिपक्व होईपर्यंतच्या सांभाळाच्या कर्तव्यातून येते असे म्हटले. भाष्यकारांच्या आणि लॉकच्या या दोन्ही विचारांवरून पालकांकडे मुलाच्या धनाची राखण येते, मालकी येत नाही, हाच निष्कर्ष योग्य ठरतो.

आईचा दुसरा, म्हणजे खेळाचा, युक्तिवाद अधिक बिकट आहे. चॅप्लिनने आत्मचरित्रात नोंदवले आहे की, रडण्याच्या प्रसंगासाठी वडिलांनी छोट्या जॅकीला, रडला नाहीस तर खरोखरच गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) धाडू, असे सांगितले. मूल ओक्साबोक्शी रडले, आणि नंतर चॅप्लिन समजूत घालू लागला तेव्हा वडील थट्टा करत होते हे आपल्याला ठाऊक होते, असे त्याच्या कानात कुजबुजले. ज्याला धमकी खोटी असल्याचे कळते आणि तरीही ज्याचे अश्रू खरे असतात, त्या मुलाची ती कृती खेळ म्हणावी की कला की श्रम, याचा निवाडा सोपा नाही. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की, करणाऱ्याला आनंद झाला म्हणून श्रमाचे श्रमपण संपत नाही. तसे असते तर आपल्या कामावर प्रेम करणारा कोणताही गवई वा विणकर मोबदल्याला मुकला असता. शिवाय त्या खेळाची वेळ, जागा आणि शेवट मूल ठरवत नव्हते.

या दाव्याच्या परिणामी १९३९ साली कॅलिफोर्नियात कूगनच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला, ज्याने न्यायालयाने मान्य केलेल्या करारांतील कमाईचा काही भाग मुलासाठी वेगळा ठेवण्याची सोय केली. संपूर्ण कमाई मुलाचीच, हे तत्त्व मात्र २००० सालापासूनच्या सुधारणेने तेथे स्पष्ट झाले, आणि किमान पंधरा टक्के रक्कम विश्वस्त निधीत, म्हणजे त्याच्या वतीने जपल्या जाणाऱ्या ठेवीत, भरणे निर्मात्यावर बंधनकारक झाले. भारतात २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या उत्पन्नाचे किमान वीस टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचे बंधन घातले आहे. घर मुलाच्याच कमाईवर चालत असेल, तर उरलेल्या रकमेतून भावंडांचे पोट भरणे हा अपहार ठरत नाही, हे मान्य करावे लागते; पण तो खर्च मुलाने घराला दिलेले दान आहे, की पालकांनी त्याच्याकडून घेतलेले ऋण, हे ठेवीची टक्केवारी सांगू शकत नाही, आणि दान म्हणावे तर ते देण्याइतकी समज त्या वयात होती का, हा लॉकचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.