शब्दांची घोकंपट्टी

अमेरिकेतील विद्यापीठांत प्रवेश मिळावा म्हणून जीआरई परीक्षेस बसणारा विद्यार्थी शेकडो अवघड इंग्रजी शब्द घोकतो. यास शब्दज्ञान म्हणावे काय? परवा अशाच एकाची आम्ही उजळणी घेतली. 'एनर्व्हेट' म्हणजे निर्बल करणे, हे त्याने तत्काळ सांगितले. वाक्य मागताच मात्र पहाटेच्या व्यायामाने 'एनर्व्हेट' होऊन स्वारी दिवसभर ताजीतवानी राहिली! २०११ साली या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले आणि वाक्यातील गाळलेल्या जागांवर भर आला, तो उगाच नव्हे.

तथापि पाठांतराची निंदा करण्यास आमची जीभ धजत नाही. जुन्या पाठशाळांतील मुले अमरकोश अर्थ कळण्यापूर्वीच मुखोद्गत करीत. पण पुढे काव्यांतून ते शब्द त्यांस जन्मभर भेटत. "सर, हे शब्द मला पुढे कुठे भेटणार?" हा यंत्रशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. आम्हीही तरुणपणी असेच शब्द जमविले आणि न वाचलेल्या ग्रंथांचा सुवास लेखणीस लावून पुष्कळांस फसविले, हे त्यास सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाही. रोज वीस शब्द कमी करून दोन पाने वाचीत जा, एवढेच म्हणालो. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. त्याने आदराने मान हलविली आणि यादीचे पुढील पान उलटले.