थांबण्याची विद्या

वेल्समधील बाला येथें १८७३ सालीं मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा झाली. आज ब्रिटन-अमेरिकेंतील हौशी शहरवासीही स्थानिक क्लबांत जाऊन आपल्या कुत्र्यांस ही विद्या शिकवितात. पोटासाठीं मेंढ्या राखणें वेगळें. परंतु केवळ कुत्र्याच्या हौसेसाठीं त्यांस पळविणें न्याय्य होय काय? आमच्या मतें तें शिक्षणाच्या रीतीवर अवलंबून आहे. कळप वळणें हें शिकारी वृत्तीचेंच संस्कारित रूप होय; म्हणूनच स्पर्धेंत मेंढीस उगाच चावणारा कुत्रा बाद ठरतो. धन्याच्या शब्दासरशीं थबकणें हीच त्याची कसोटी. धन्याची कसोटी मात्र याहून कठीण. मेंढी धापा टाकूं लागतांच त्यानें आपला खेळ आटोपला पाहिजे. ज्यास स्वतःची हौस आवरत नाहीं, त्यानें मुक्या प्राण्यास संयम कोणत्या तोंडानें शिकवावा?